चालायला नको म्हणणारे मूल

तीन-साडेतीन वर्षांचे मूल. आठ-दहा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, ते दोन दिवसांत थांबले. आता सकाळी ते पलंगावरून खाली उतरायला तयार नाही. खाली ठेवले की रडते, ‘उचलून घे’ म्हणते. ताप नाही, पायाला सूज नाही, कुठे लागलेलेही नाही. घरातल्यांना वाटते, लाडावले आहे, शाळा चुकवायची आहे, काल उड्या मारून पाय भरून आले असतील. कोणी तेलाने पाय चोळून देते, कोणी दृष्ट काढते. बहुतेक वेळा अशा रडण्याचे कारण खरोखरच साधे असते. मात्र काही थोड्या मुलांत नसांच्या एका गंभीर आजाराची ही पहिली खूण असते. त्या आजाराचे नाव गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस.

हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते जानेवारी २०२५ मध्ये. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत एकापाठोपाठ एक रुग्ण आढळू लागले आणि काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्यांत लहान मुलेही होती. ‘हातापायांतली शक्ती जाते आणि व्हेंटिलेटर लागतो’ असे या आजाराचे चित्र तेव्हा लोकांच्या मनात बसले. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र आजाराची सुरुवात अनेकदा या चित्राशी जुळत नाही, आणि म्हणूनच ती ओळखू येत नाही.

शरीर आपल्याच नसांवर उलटते

जीबीएस हा स्वयंप्रतिकार आजार आहे. जंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. काही जंतूंच्या बाह्य आवरणातील रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जाणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू त्याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे जंतू संपल्यावरही फिरत राहतात आणि शत्रू समजून नसांवर हल्ला करतात. काही रुग्णांत नसेभोवतीचे मायलिनचे आवरण खराब होते, काहींत नसेच्या आतला तंतूच दुखावतो. दोन्ही वेळा मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही.

सुमारे दोनतृतीयांश रुग्णांना त्याआधीच्या चार ते सहा आठवड्यांत जुलाब, सर्दी-खोकला किंवा ताप येऊन गेलेला असतो. म्हणजे पहिला आजार बरा झाला, मूल खेळू लागले, घर निर्धास्त झाले, आणि मग दुसरा आजार सुरू होतो. दोन्हींचा संबंध पालकांच्या लक्षात येत नाही आणि तेही डॉक्टरांना आपणहून सांगत नाहीत.

या आजाराचे प्रमाण कमी आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे. जगभरात दर वर्षी लाखामागे साधारण एक ते दोन जणांना तो होतो, मुलांत त्याहूनही कमी. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या हजारांतील साधारण एकालाच पुढे जीबीएस होतो. म्हणून प्रत्येक जुलाबानंतर घाबरण्याचे कारण नाही. मात्र पोलिओ आटोक्यात आल्यापासून मुलांमध्ये अचानक येणाऱ्या लुळेपणाचे हेच सर्वांत मोठे कारण ठरले आहे.

दुखणे आधी, अशक्तपणा नंतर

मोठा माणूस ‘पायांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय उचलत नाही’ असे सांगू शकतो. तीन वर्षांच्या मुलाकडे मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा यांसाठी शब्द नसतात. ते रडते, चिडते, कडेवरून उतरत नाही. अशक्तपणा हट्टासारखा दिसतो तो यामुळे.

दुसरी अडचण दुखण्याची. लहान मुलांत अनेकदा वेदना हेच पहिले आणि सर्वांत ठळक लक्षण असते. पाठीच्या मणक्यापाशी नसांची मुळे सुजतात आणि वेदना कंबर, मांड्या, पोटऱ्या अशी खाली पसरते. ती रात्री वाढते, मूल झोपेतून रडत उठते. लंगोट बदलताना पाय वर उचलले, उचलून घेताना पाठ वाकली किंवा अंग चोळले तरी ते किंचाळते, कारण सुजलेल्या मुळांना ताण बसतो. त्याच कारणाने कधी मान वाकवतानाही दुखते आणि मान ताठ झाल्यासारखी वाटते. मग मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची शंका येते. कधी खुब्याचा सांधा सुजला असे वाटून पायाचे एक्स-रे काढले जातात, कधी पोटदुखी समजून पोटाची सोनोग्राफी होते.

ही गफलत किती वेळा होते, याचा अंदाज नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या बालरुग्णालयातील एका अभ्यासावरून येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा वर्षांखालील जीबीएसग्रस्त मुलांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलांचे पहिले निदान भलतेच झाले होते. मोठ्या मुलांत हे प्रमाण बरेच कमी होते. लहानग्यांत सर्वाधिक आढळलेली लक्षणे दोन होती : पाय दुखणे आणि चालायला नकार देणे.

वाढत्या वयात खेळून पाय दुखणे आणि हे दुखणे यांत काही फरक दिसतात. खेळून दुखणारे पाय संध्याकाळी किंवा रात्री कुरकुरतात, सकाळी मूल पुन्हा पळू लागते. आजाराचे दुखणे सकाळीही तसेच असते आणि दर दिवशी वाढत जाते. मुख्य म्हणजे, काल जमत होते ते आज जमत नाही. हात धरून चालणारे मूल आज उभे राहत नाही, उभे राहणारे बसताना कलंडते. ही घसरण काही तासांत होऊ शकते किंवा काही दिवसांत. बहुतेक मुलांत आजार दोन आठवड्यांच्या आत टोकाला पोहोचतो, जास्तीत जास्त चार आठवड्यांत.

चेहरा, डोळे आणि आवाज

आजार नेहमी पायांपासूनच वर चढतो असे नाही. काही मुलांत सुरुवात चेहऱ्यापासून होते. मूल हसते तेव्हा ओठ हलत नाहीत, दूध पिताना ते ओठांच्या कडेने गळते, झोपेत पापण्या पूर्ण मिटत नाहीत. थंड वाऱ्याने तोंड वाकडे झाले असे अनेकांना वाटते. एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडण्याची इतरही कारणे आहेत. पण दोन्ही बाजू एकाच वेळी किंवा पाठोपाठ लुळ्या पडल्या, तर जीबीएसचा विचार करावाच लागतो. दोन्ही बाजू सारख्याच सैल झाल्या की चेहरा वाकडा दिसत नाही, फक्त निर्विकार दिसतो, आणि ‘मूल गप्प गप्प आहे’ एवढेच घरच्यांना जाणवते.

आवाज बदलणे ही खूणही सहज निसटते. रडणे क्षीण होते, बोलणे नाकातून येते, पाणी पिताना ठसका लागतो, मऊ भातही तोंडात धरून ठेवला जातो. घसा बसला असेल म्हणून खोकल्याचे औषध दिले जाते. प्रत्यक्षात गिळण्याच्या नसा कमजोर झालेल्या असतात आणि अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

या आजाराचा एक प्रकार कॅनडाचे मज्जाविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५६ मध्ये तीन रुग्णांवरून मांडला. त्यात हातापायांची शक्ती बरीचशी शाबूत राहते, पण डोळे हलत नाहीत, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि चाल झोकांड्या खाते. असे मूल एक डोळा झाकून टीव्ही पाहते, मान तिरकी करते, दाराच्या चौकटीला धडकते. त्याला चष्मा लागला असेल असे वाटून पहिली भेट अनेकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते.

नाडी, घाम, पोट आणि लघवी

हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, आतड्यांची हालचाल हे सारे आपल्या नकळत चालवणाऱ्या नसाही या आजारात दुखावतात. त्यामुळे ताप नसतानाही नाडी जोरात चालते, तळहातांना खूप घाम येतो, पोट फुगते, शौचाला होत नाही. लहान मुलाचा रक्तदाब मोजण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. पण चालता न येणाऱ्या मुलाचा रक्तदाब वाढलेला आढळला, तर ती महत्त्वाची खूण ठरू शकते. नाडी आणि रक्तदाब अचानक वर-खाली होतात, म्हणून हातापायांचा अशक्तपणा बेताचा असला तरी अशा मुलाला रुग्णालयात निगराणीखाली ठेवतात.

लघवीबाबत एक फरक डॉक्टर आवर्जून पाहतात. लघवी तुंबणे जीबीएसमध्येही घडते. मात्र ती अगदी सुरुवातीलाच पूर्ण अडली, किंवा कमरेखाली एका ठराविक रेषेपासून स्पर्शच कळेनासा झाला, तर दोष मज्जारज्जूत असण्याची शक्यता वाढते. मज्जारज्जूचा दाह हाही मुलांत आढळणारा स्वयंप्रतिकार आजार आहे. मज्जारज्जूवर गाठीचा किंवा पुवाचा दाब आला असेल, तर तातडीची शस्त्रक्रियाही लागू शकते. अशा मुलाचा एमआरआय त्याच दिवशी करावा लागतो.

घरात काय पाहता येते?

यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. रोजच्या हालचाली नीट पाहिल्या तरी बरेच कळते.

• जमिनीवर मांडी घालून बसलेले मूल हाताचा आधार न घेता उठते का? शौचाला उकिडवे बसल्यावर त्याला उठता येते का?

• चालताना पायातली चप्पल निसटते का, आणि निसटल्याचे त्याला कळते का?

• टाचांवर चार पावले टाकता येतात का? जिना चढताना ते कठडा ओढून चढते का?

• शर्टाचे बटण, पेन्सिल, पाण्याचा पेला या साध्या गोष्टी कालपर्यंत जमत होत्या, आज हातून सुटतात का?

• हसताना दोन्ही गाल वर जातात का? झोपेत डोळे पूर्ण मिटतात का?

• आवाज, रडणे, गिळणे यांत फरक पडला आहे का?

• आकडे येणारे मूल एका श्वासात कालपर्यंत जेवढे मोजत होते, तेवढे आज मोजते का? मोजणी छोटी होत गेली, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असे समजावे.

यांपैकी एखादी गोष्ट एक-दोन दिवसांत स्पष्टपणे बिघडली असेल, तर ‘अजून दोन दिवस पाहू’ असे म्हणू नये. श्वास भरभर चालणे, बोलताना दम लागणे, गिळता न येणे, मान न धरणे यांपैकी काहीही दिसले, तर मुलांच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेले रुग्णालय तासाभरात गाठावे. वाटेत तोंडावाटे काहीही देऊ नये.

एक छोटी रबरी हातोडी

१९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, जॉर्ज गुइलेन, जाँ अलेक्झांद्र बॅरे आणि आंद्रे स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांची नोंद केली. दोघांचे हातपाय लुळे पडत होते, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असूनही पेशी वाढलेल्या नव्हत्या. पुढे स्ट्रोल यांचे नाव मागे पडले, पण त्या नोंदीतल्या दोन्ही गोष्टी आजही निदानाचा पाया आहेत.

त्यातली पहिली तपासणी कोणत्याही दवाखान्यात अर्ध्या मिनिटात होते. चालत नसलेल्या प्रत्येक मुलाच्या गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारून पाहणे हा चुकीचे निदान टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रडणाऱ्या मुलात ही तपासणी अवघड जाते आणि ती राहून जाते. पाय उडत नसेल, तर शंका बळावते. पाय उडत असेल तरी आजार नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. काही रुग्णांत सुरुवातीला ही क्रिया टिकून असते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे लागते.

पाठीतल्या पाण्याची तपासणीही पहिल्या आठवड्यात साफ येऊ शकते. नसांतून वीजप्रवाह किती वेगाने जातो हे पाहणारी चाचणीदेखील सुरुवातीला फसवते. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. मूल कालच्यापेक्षा कमी हालचाल करत असेल, तर त्या निरीक्षणाला रिपोर्टपेक्षा अधिक वजन द्यावे लागते.

आपल्याकडे डॉक्टरांना आणखी काही शक्यता तपासाव्या लागतात. मण्यारीचा दंश अनेकदा रात्री झोपेत होतो, त्याची खूण जवळजवळ दिसत नाही. मूल पहाटे पोटदुखीने उठते, पापण्या मिटू लागतात आणि काही तासांत श्वास अडतो. जमिनीवर झोपणाऱ्या मुलात हे लक्षात ठेवावेच लागते, कारण त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे. जोराच्या जुलाबांनंतर रक्तातले पोटॅशियम घटूनही पाय लुळे पडतात. तापासाठी कुल्ल्यात दिलेल्या इंजेक्शनने नस दुखावली, तर एकच पाय लुळा पडतो. घशाच्या घटसर्पानंतरही काही आठवड्यांनी नसा कमजोर होतात.

शौचाचे नमुने का मागतात?

पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की रुग्णालयाला ते आरोग्य विभागाला कळवावे लागते. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले जातात. हे ऐकून पालक हादरतात. आपल्या मुलाला पोलिओ झाला असे त्यांना वाटते. तसे नसते. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पोलिओ परतलेला नाही ना, हे पाहण्यासाठी असे प्रत्येक मूल तपासले जाते. नमुने देण्यास नकार देऊ नये.

उपचार आणि पुढचे दिवस

जीबीएसवर दोन सिद्ध उपचार आहेत. एक म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे. त्याची मात्रा वजनावर ठरते : किलोमागे एकूण दोन ग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ३० ग्रॅम. ती सहसा पाच दिवसांत विभागून देतात. दुसरा उपचार म्हणजे रक्तातला प्लाझ्मा बदलणे. लहान मुलांत रक्ताचे प्रमाण कमी असल्याने पहिला उपचार सोयीचा पडतो. तो महाग आहे, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसच्या उपचारांचा समावेश आहे. हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडतात. ज्याचे चालणे टिकून आहे आणि जे आणखी बिघडत नाही, अशा मुलाला कधी केवळ निगराणीत ठेवले जाते. स्टेरॉइडचा या आजारात फायदा दिसलेला नाही. त्यामुळे दुखण्यावर म्हणून ती परस्पर देऊ नयेत.

लक्षणे आठ आठवड्यांनंतरही वाढत राहिली किंवा पुन्हा पुन्हा उलटली, तर डॉक्टर दीर्घकालीन प्रकाराचा विचार करतात. त्यात मात्र स्टेरॉइड उपयोगी पडतात. म्हणून घरी सोडल्यानंतरच्या तपासण्या चुकवू नयेत.

मुलांच्या बाबतीत दिलासा असा की त्यांच्या नसा मोठ्यांपेक्षा चांगल्या भरून येतात. व्हेंटिलेटर लागलेली मुलेही बहुतांशी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चालू लागतात. या काळात फिजिओथेरपी, सांधे आखडू नयेत म्हणून पट्ट्या आणि दर दोन तासांनी कूस बदलणे यांना औषधाइतकेच महत्त्व असते. शाळा सुरू झाल्यावरही काही महिने मूल लवकर दमते. खेळाच्या तासाला ते बसून राहिले तर तो आळस नव्हे, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे.

पुण्यात तपासलेल्या काही शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस आढळले होते आणि पाण्याच्या शुद्धतेवर सर्वांचे लक्ष गेले होते. पाणी उकळून पिणे, टाकीत क्लोरिन टाकणे, कच्चे दूध टाळणे, चिकन आतपर्यंत शिजवणे आणि कच्च्या मांसाची सुरी-पाट वेगळे ठेवणे ही काळजी फक्त साथीपुरती नाही. इतके करूनही आजार आलाच, तर रुग्णालयात जाताना पालकांनी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : जुलाब किंवा ताप कधी आला होता, मूल शेवटचे नीट कधी चालले, त्यानंतर दर दिवशी काय काय बंद पडले आणि शेवटची लघवी केव्हा झाली. लहान मुलाला स्वतःची लक्षणे सांगता येत नाहीत. निदानासाठी डॉक्टरांना या चार ओळींचाच आधार असतो.